साखर, बीपी, गुडघे, दमा : गोळ्या चालू ठेवून घरी आणखी काय करता?

रानजाई | ६ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बाबा ६९ वर्षांचे आहेत. साखर १४ वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून, आणि गेल्या दोन वर्षांत दोन्ही गुडघे. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमच्यासोबतच असतात. गोळ्या वेळच्या वेळी घेतात, त्याबद्दल काही तक्रार नाही.

दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. चिठ्ठीवर चार गोळ्या नीट लिहिलेल्या असतात : कोणती, किती, जेवणाआधी की नंतर. आणि सगळ्यात खाली एक ओळ : व्यायाम, पथ्य, ताण नको. बाहेर पंधरा पेशंट ताटकळलेले असतात, डॉक्टरांना वेळ नाही हे कळतं. पण त्या शेवटच्या ओळीचा डोस कोण सांगणार? किती चालायचं? गुडघे दुखत असताना कसं चालायचं? आत्ताच सकाळी आठला ऊन चटकायला लागलंय, तर मे महिन्यात काय करायचं?

मी काही बोलले की बाबा गप्प होतात. आई पोळ्या मोजते. रोजचं जेवण म्हणजे रोजचा वाद झालाय. मागचं तीन महिन्यांचं सरासरी साखरेचं प्रमाण, एचबीएवनसी, ८.४ आलं.

औषधं बंद करायची नाहीत, कृपया तसा सल्ला देऊ नका. गोळ्यांच्या जोडीला ज्यांनी काही केलं आणि ते निदान सहा महिने टिकलं, त्यांनी लिहा. कोणताही जुना आजार चालेल.

जुना_रेल्वेवाला | ६ एप्रिल, रात्री १०:३५

बेटा, मी ७३ चा. साखर २२ वर्षांपासून.

पहिले मी सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर सकाळी तासभर फिरायला जात होतो. मग एक दिवस पाऊस, एक दिवस पाहुणे, एक दिवस झोपच उघडली नाही, अन् महिन्याभरात बंद. असं चारदा झालं. आता आठ वर्षांपासून एकच धरून राहिलो : जेवण झालं, हात धुतले, की पंधरा मिनिटं चालायचं. दुपारी घरातच. बैठक, स्वैपाकघर, मागचं अंगण, परत बैठक. रात्री गल्लीत. जेवायचं कोणी विसरत नाही, म्हणून चालायचंही विसरत नाही.

जेवल्यावर साखर चढते, नेमकी तेव्हाच पायाचे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, अन् त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. मी घरच्या मशीनवर किती वेळा पाहिलं. सावजीचं जेवण करून लोडाला टेकलो तर २४० च्या वर. तेच जेवण करून चाललो तर दोनशेच्या खाली.

मे महिन्यात कूलरसमोर चालतो. आमची मालकीण म्हणते, फरशी झिजली, आता टाइल्स बदलून द्या.

तर्री_जास्त | ६ एप्रिल, रात्री ११:०२

काकाजी, 'लोडाला टेकलो' यात अख्खं नागपूर आलं बघा!

माझं छोटंसं. पोहे सोडवत नव्हते. आता बशीत पोहे अर्धे आणि तर्रीतले चणे दुप्पट, वरून कांदा. चणे आधी खातो, पोहे नंतर. दहा महिने झाले.

वाकसरळ | ७ एप्रिल, सकाळी ७:१०

रानजाई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्यांचं लिहिते.

'गुडघे झिजले, आता जपून वापरा' हे वाक्य घराघरात ऐकू येतं आणि त्यानेच जास्त नुकसान होतं. वापर कमी झाला की मांडीच्या पुढचा मोठा स्नायू बारीक होतो. सांध्याला सावरणारा तोच. तो गेला की भार सगळा सांध्यावर, मग दुखणं वाढतं, मग माणूस आणखी बसून राहतो. बाबांना सुरुवात चालण्याने करायला लावू नका. खुर्चीने करा. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. आठवड्याने सहा.

किती दुखलं तर थांबायचं, हे सगळेच विचारतात. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं कालच्या जागी परत आलं पाहिजे. नाही आलं तर संख्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. गुडघा सुजून गरम झाला किंवा चालताना मध्येच अडकू लागला, तर मात्र आधी दाखवा.

आणि वजन. शरीराचा १ किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. बाबांना पाच किलोचं लक्ष्य सांगू नका, हा चौपटीचा हिशोब सांगा. वीज मंडळातल्या माणसाला आकडा पटतो.

कडुनिंब_४४० | ७ एप्रिल, दुपारी १:२०

तुम्ही नको म्हटलं तरी लिहितो. मी सगळ्या गोळ्या बंद केल्या. सकाळी कारलं, जांभूळबी आणि दुधीचा रस, दिवसातून दोनदाच जेवण. चार महिन्यांत साखर नॉर्मल. डॉक्टरांना हे नकोच असतं.

पिंपळपान | ७ एप्रिल, दुपारी १:४५

माझ्या काकांनी दोनदाच जेवायचं ठरवलं. गोळ्या मात्र जुन्याच डोसने चालू ठेवल्या, कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घामाने भिजून खाटेखाली पडलेले सापडले. साखर ४८. साखरपाणी पिण्याइतकी शुद्ध होती म्हणून वाचले. काही गोळ्या जेवलात की नाही हे पाहत नाहीत, साखर उतरवतच राहतात.

सोनसळी | ७ एप्रिल, दुपारी ३:३०

कडुनिंब, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे. पण मी ३१ वर्षं परिचारिका होते, आणि तुमचा प्रतिसाद वाचून कोणीतरी आज रात्रीची गोळी फेकेल याची मला भीती वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिली गोष्ट, रस आणि काढा ही औषधंच आहेत, फक्त डोस मोजलेला नाही. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो. रक्ताच्या उलट्या होऊन भरती झालेली माणसं मी पाहिली आहेत. एक घोट घेऊन कडू लागला की फेकून द्यायचा, 'कडू ते गुणकारी' म्हणून पिऊन टाकायचा नाही.

दुसरी, गोळ्या सुटू शकतात हे खोटं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. कडक कमी उष्मांकाच्या आहाराने पहिल्या वर्षी ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात आली. दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ३६ वर आलं. पण त्यात घेतलेले सगळे रुग्ण मधुमेह होऊन सहा वर्षं व्हायच्या आतले होते, आणि प्रत्येकाच्या गोळ्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या. रानजाईच्या बाबांना १४ वर्षं झाली आहेत. त्यांना 'गोळ्या सुटतील' असं आमिष दाखवलं आणि सुटल्या नाहीत, तर ते चालणंही सोडतील.

रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नावर रात्री सविस्तर लिहिते.

कडुनिंब_४४० | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

मला निदान होऊन दीडच वर्ष झालं होतं, ते लिहायला हवं होतं. आणि वजन ११ किलोने उतरलं आहे. दुधीचं माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तपासणी करून घेतो.

सोनसळी | ७ एप्रिल, रात्री ९:४०

आता मुद्द्याचं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी जुनाट आजारांच्या लोकांसाठी एक वर्ग बांधला. त्याही मूळच्या परिचारिका. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास. संधिवात, दमा, साखर, हृदयविकार असलेले सगळे एकाच खोलीत. शिकवणारे डॉक्टर नव्हेत, असाच एखादा जुना आजार स्वतःला असलेले दोघंजण. वर्गाचा गाभा म्हणजे दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःचा एक बेत सांगायचा. काय करणार, किती, केव्हा, आठवड्यातून किती दिवस. मग विचारायचं : हे जमेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती? उत्तर सातच्या खाली आलं तर माणसाला समजावत बसायचं नाही, बेत सोपा करायचा. पुढच्या आठवड्यात आल्यावर पहिला प्रश्न, झालं का, आणि नसेल तर आडवं काय आलं.

मी वॉर्डात हे माझ्या पद्धतीने वापरलं. 'उद्यापासून रोज फिरतो' म्हणणारा माणूस फिरत नाही. 'सोम, बुध, शुक्र, रात्री जेवल्यावर गॅलरीत दहा मिनिटं' म्हणणारा फिरतो. आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट घरच्यांना करायची असते : बेत रुग्णाने ठरवायचा. तुम्ही नाही, आईने नाही. त्यांना कशासाठी बरं व्हायचंय, हे कोणी विचारलंय का?

गोंदण | ८ एप्रिल, दुपारी १२:०५

सोनसळीताई, 'आडवं काय आलं' हा प्रश्न आम्हाला फार उशिरा सुचला, म्हणून लिहिते.

माझा मुलगा १५ वर्षांचा, सिकलसेल. विदर्भात हा आजार किती घरांत आहे, तरी अशा गप्पांत त्याचं नाव येत नाही. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू आहे, चालूच राहील. पण त्याचे दिवस गोळीपेक्षा पाण्यावर ठरतात. अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं फुटल्यासारखं दुखतं. नागपूरचा उन्हाळा म्हणजे आमच्यासाठी रोजची परीक्षा.

मी दोन लिटरची बाटली द्यायची, ती संध्याकाळी अर्धी भरलेली परत यायची. मी रागवायची, तो गप्प. तीनदा भरती झाला त्या वर्षी. शेवटी एका समुपदेशक बाईंनी त्याला एकट्याला बसवून विचारलं, बाळा, पाणी का पीत नाहीस? तर शाळेत लघवीला दुसऱ्यांदा सोडत नव्हते. मुलं हसत होती. म्हणून पोरगं पाणीच पीत नव्हतं. या मुलांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्यांना वारंवार जावंच लागतं, हे मलाच माहीत नव्हतं तर शाळेला कुठून असणार? मी चार महिने त्या बाटलीवरून लेकराला बोलत होते. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

डॉक्टरांकडून पत्र घेतलं, मुख्याध्यापिकांना भेटले. आता तो दाराजवळच्या बाकावर बसतो, न विचारता उठून जातो. गेल्या वर्षी एकदाच भरती झाला.

थंडीही तितकीच वाईट. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, ती रात्र आम्ही मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) वॉर्डात काढली. आता हिवाळ्यात पहाटेची शिकवणी नाही, स्कूटरवर हातमोजे, आंघोळ झाल्याबरोबर अंग कोरडं. दुखायला लागलं की गरम पाण्याची पिशवी. बर्फ कधीच नाही. आणि ताप आला तर घरगुती काहीही नाही, सरळ दवाखाना.

रानजाई | ८ एप्रिल, दुपारी २:२०

गोंदण, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आजपासून मी पोळ्या मोजणार नाही.

निळी_छत्री | ८ एप्रिल, रात्री ८:१५

सगळं वाचलं, पटलंही. पण एक गोष्ट मला टोचते. हे सगळं करतं कोण? वेगळी भाजी, कमी तेलाची फोडणी, चणे भिजवणं, गरम पाण्याची पिशवी, हे घरातल्या बाईच्या दिवसात वाढत जातं. सासऱ्यांचं पथ्य मी अकरा वर्षं सांभाळलं. माझं स्वतःचं बीपी १६० आहे हे मला रक्तदानाच्या शिबिरात कळलं.

आणि ज्यांच्याकडे अंगण नाही, गच्ची नाही त्यांचं काय? आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंनाही साखर आहे. दिवसभर पाच घरी उभ्या असतात, रात्री रेशनचा भात. त्यांना 'व्यायाम करा' कोणत्या तोंडाने सांगू?

सोनसळी | ८ एप्रिल, रात्री ९:००

निळी_छत्री, खरं आहे. एकाच्या पथ्यासाठी दोन स्वैपाक करणारं घर सहा महिन्यांत थकतं. जेवण सगळ्यांचं एकच असावं, घरातल्या मुलांनाही कमी मीठ मानवतं. आणि तुमचं बीपी तुम्ही कधी दाखवताय?

त्या ताईंसाठी एक सुचवते. भात तोच, पण आधी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, मग भात. खर्च फारसा वाढत नाही. आणि पायांचं विचारा : मुंग्या येतात का, चप्पल निसटली तर कळतं का? दिवसभर उभं राहणाऱ्या मधुमेही बाईचे पाय कोणी पाहत नाही.

भाकरतुकडा | ९ एप्रिल, सकाळी ९:३०

मिठाचा विषय निघालाच आहे तर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्यात मिळून. आमच्याकडे भाजीतलं मीठ कमी केलं आणि पानात पापड, लोणचं, सांडगी मिरची तशीच. म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं.

बीपीसाठी सैंधव मीठ आणलं होतं, पण त्यातही सोडियम जवळपास तेवढंच. आता वाळवण घरी करताना निम्मं मीठ, आणि चवीला लिंबू, जिरं, सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.)

पिंपळपान | ९ एप्रिल, सकाळी १०:१०

कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठून हृदयाला धोका होतो. विचारल्याशिवाय आणू नका.

आणि माझा एक प्रश्न आहे. आईला मधुमेहामुळे तळपायांना संवेदना नाही. दर शनिवारी देवळात जाते, अनवाणी. मागच्या उन्हाळ्यात फरशी तापलेली होती, तळव्याला रुपयाएवढा फोड आला, तिला कळलंच नाही. मोज्यात पाणी दिसलं तेव्हा कळलं. दोन महिने जखम भरत नव्हती. देवळात जाऊ नको म्हणू शकत नाही. काय करावं?

मंद_झुळूक | ९ एप्रिल, रात्री ११:३०

आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. कधीही विडी-सिगारेट नाही, तीस वर्षं चुलीसमोर बसली एवढंच. तिला पंप आहेत, पण जे तिला खरंच हातात आल्यासारखं वाटतं ते फुंकर. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास आत, मग गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत सावकाश बाहेर. धाप लागल्यावर माणूस घाबरून हवा आत ओढत राहतो, आणि आतली शिळी हवा बाहेरच पडत नाही. फुंकरीने ती बाहेर पडते.

दुसरं, हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा, नाका-गालांवर वारा घ्यायचा. ऑक्सिजन वाढत नाही, पण धाप लागल्याची भावना उतरते. तिसरं, आंघोळ स्टुलावर बसून. मेडिकलमध्ये आठ आठवडे श्वसनाचे व्यायाम करायला नेलं. पहिल्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाताना दोनदा बसली. परवा शेजारणीकडे हळदीकुंकवाला एकटी गेली, दोन जिने चढून, वाटेत फुंकर मारत.

रात्री धाप लागली की मला उठवायची. आता आधी पंखा लावते, मग मला हाक मारते.

अर्धशिशी | १० एप्रिल, दुपारी ४:००

मिहानमध्ये (नागपूरच्या उद्योग वसाहतीत) नोकरी, वय ३४, बारा वर्षांची अर्धशिशी. मी वही ठेवली. झोप, जेवण, ऊन, पाळी, डोकं. तीन महिन्यांनी वहीने सांगितलं ते मला कधीच सुचलं नसतं : रविवारी उशिरा उठले आणि सकाळचा चहा-नाश्ता चुकला की दुपारी ठरलेलं. आता रविवारीही साडेसहाला उठते. महिन्याला सात-आठ वेळा दुखायचं, आता तीन.

रानजाई | १३ एप्रिल, रात्री १०:००

सोनसळीताईंचा प्रश्न बाबांना विचारला. कशासाठी बरं व्हायचंय? मला वाटलं नातीचं लग्न वगैरे म्हणतील. म्हणाले, 'रामटेकला गडावर पायऱ्यांनी जायचंय. मागच्या वेळी तुम्ही मला गाडीने वर नेलं.' आम्ही त्यांची सोय केली होती. त्यांना ते लागलं होतं.

मग बेत. रोज अर्धा तास चालण्याची खात्री त्यांनी दहापैकी चार सांगितली. खुर्चीवरून उठण्याची आठ. रात्री जेवल्यावर दहा मिनिटं गल्लीत, सात. म्हणून दोनच गोष्टी. कॅलेंडरवर स्वतःच टिक करतात. मी विचारायचं नाही, फक्त रविवारी.

जुना_रेल्वेवाला | १३ एप्रिल, रात्री १०:२०

बाबांना माझा नमस्कार सांगा. मी पण गडावर पायऱ्यांनीच जातो. वाटेत माकडं आहेत, हातात पिशवी घेऊन जाऊ नका म्हणा.

रानजाई | २१ जून, रात्री ९:१५

धागा खाली गेला होता, वर आणते. पाऊस लागला एकदाचा.

दहा आठवड्यांपैकी आठ आठवडे बेत पाळला गेला. मे महिन्यात ४५ अंश होतं तेव्हा एक आठवडा सगळं बंद पडलं. रविवारी विचारलं, आडवं काय आलं, तर म्हणाले, दुपारी झोप होत नव्हती, रात्री जीव नसायचा. मग चालणं सकाळी साडेपाचला नेलं. शिवाय उन्हाळ्यात बीपी खाली येऊन उभं राहताना अंधारी येत होती, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. ते आम्ही विचारलं म्हणून झालं.

खुर्ची आता बारा वेळा, उशीशिवाय. वजन २ किलो कमी. एचबीएवनसी ८.४ चं ७.७. लोणचं सुटलेलं नाही, त्यावर कोणी बोलत नाही.

गडावर अजून गेलो नाही. घरासमोरच्या अपार्टमेंटचा जिना आहे, तिथे दोन मजले चढतात. रामटेक त्रिपुरी पौर्णिमेला, असं त्यांनी स्वतः ठरवलंय. पण वर देवळात अनवाणी जावं लागेल, आणि मागच्या तपासणीत त्यांच्याही उजव्या अंगठ्याला संवेदना कमी निघाली. पिंपळपान यांच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नव्हतं, आता तो माझाही प्रश्न आहे.

जुना_रेल्वेवाला | २१ जून, रात्री १०:०५

माझ्याकडून तो प्रश्न वाचायचाच राहिला होता, पिंपळपानने माफ करावं.

माझेही दोन्ही तळवे बधिर आहेत, सहा वर्षांपासून. पांढरे जाड सुती मोजे, दोन जोड. पायऱ्या बूट घालूनच चढायच्या, बूट फक्त देवळाच्या दाराशी काढायचे, मोजे नाही. पुजारीबुवांना एकदा सांगून ठेवलं, आजवर कोणी हटकलं नाही. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला दर्शन. मोजे पांढरेच घ्यायचे, रक्त किंवा पाणी लागलं तर लगेच दिसतं. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, खडा असला तर आपल्याला कळत नाही. घरी आल्यावर पाय धुवायचे, बोटांमधली जागा कोरडी करायची, अन् छोटा आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहायचा. मला दिसत नाही नीट, म्हणून नातू पाहतो. तो सात वर्षांचा आहे, एक तीळसुद्धा सोडत नाही.

पिंपळपान | २२ जून, सकाळी ६:४०

मोजे आजच आणते, काकाजी. आरसा आईच्या देवघरात आहेच.